एका एसटीएम-१ मध्ये ७५ ई-१ बसत नाहीत! लाइनच्या हिशोबातल्या या चुका टाळा

ट्रान्समिशनच्या कामाला लागलेल्या नव्या मुलांच्या वहीत मला दर वर्षी तोच भागाकार सापडतो. एसटीएम-१ ही मोठी लाइन १५५.५२ एमबीपीएसची (सेकंदाला इतके दशलक्ष बिट), तिच्यात भरायची ई-१ ही टेलिफोनची छोटी लाइन २.०४८ ची; म्हणून १५५.५२ भागिले २.०४८, उत्तर ७५.९३. खाली दोन रेघा आणि शेजारी ‘७५ ई-१ बसतील’. हल्ली तर वहीही नाही, मोबाइलवरच्या कन्व्हर्टरमध्ये आकडा टाकतात आणि स्क्रीनशॉट पाठवतात. भागाकारात चूक नसते. तरी उत्तर चुकलेलं असतं.

एसटीएम-१ मध्ये ६३ ई-१ बसतात. आत तीन मोठे कप्पे, त्यांना टीयूजी-३ म्हणतात. प्रत्येकात सात टीयूजी-२, आणि त्या प्रत्येकात ई-१ साठी तीन जागा. ३ × ७ × ३. फ्रेमच्या, म्हणजे लाइनीवरून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याच्या, २७० कॉलमांपैकी ९ आधीच ओव्हरहेडला, लाइनीच्या स्वतःच्या देखरेखीला, गेलेले असतात. ई-१ सुद्धा एकटा येत नाही, सामानासकट येतो आणि २.०४८ ऐवजी २.३०४ एमबीपीएसची जागा अडवतो. एसटीची लांबी माणसाच्या रुंदीने भागून कुणी सीटा मोजतं का?

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, हात पोळलेत म्हणून सांगतोय. एका कॉल सेंटरचं स्थलांतर होतं. जुन्या इमारतीत ७० पीआरआय (प्रत्येक पीआरआय म्हणजे एका वेळी ३० कॉल नेणारा एक ई-१), नव्या इमारतीत फायबरवर एक एसटीएम-१. तक्त्यात लिहिलेलं, ‘क्षमता ७५, शिल्लक ५’. शनिवारी रात्री काम सुरू केलं. पहाटे तीनच्या सुमारास मक्सचे (अनेक ई-१ एका लाइनीत भरणाऱ्या यंत्राचे) सगळे पोर्ट भरले आणि डीडीएफसमोर, केबल जोडायच्या चौकटीसमोर, उभ्या असलेल्या मुलाच्या हातात सात केबल उरल्या. ‘सर, दुसरं कार्ड कुठंय?’ दुसरं कार्ड नव्हतंच. मक्सवर ६३ पोर्ट आहेत हे दिवसभर सगळ्यांना दिसत होतं, पण तक्ता ७५ म्हणतोय म्हटल्यावर पोर्ट मोजतो कोण! सोमवारी सात पीआरआय बंद, म्हणजे एका वेळचे २१० कॉल गेले. दुसरी लाइन यायला तीन आठवडे लागले. भागाकार दुसऱ्याचा होता, पण खाली सही माझी होती. सही करण्याआधी मी तो तपासलाही होता, भागाकार पुन्हा करून. तेव्हाही ७५ च आले.

तेव्हापासून मी भागत नाही, मोजतो. ६३ पाठ आहे, पुढे फक्त गुणायचं: एसटीएम-४ मध्ये २५२, एसटीएम-१६ मध्ये १००८. भागाकाराची खोड सुटत नाही याचं कारण तो कधीकधी बरोबर येतो. जुन्या पीडीएचमध्ये (एसटीएमच्या आधीच्या पद्धतीत) ई-२ चे ८.४४८ भागा, चार येतात, बरोबर. ई-३ चे ३४.३६८ भागा, १६.७८ येतात, अपूर्णांक सोडला की १६, तेही बरोबर. मग ई-४ चे १३९.२६४ भागा. नेमके ६८ येतात, शेष शून्य! इतकं देखणं उत्तर बघून कुणालाही वाटेल की जमलं. ई-४ मध्ये ६४ असतात. (गंमत बघा, या जुन्या, कमी वेगाच्या लाइनीत एसटीएम-१ पेक्षा एक ई-१ जास्त मावतो.)

दुसरं माझं डोकं उठवणारं प्रकरण म्हणजे १०२४. कॉम्प्युटर शिकून आलेल्यांना २.०४८ दिसला की ते खूश होतात. ‘दोन गुणिले १०२४ ना सर, म्हणून दोन एमबीची लाइन.’ नाही रे बाबा. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, झाले ६४ केबीपीएस. असे ३२ टाइमस्लॉट म्हणजे २,०४८ केबीपीएस. १०२४ शी जुळणं हा निव्वळ योगायोग आहे. लाइनीचा किलो १००० चाच असतो, मेगा आणि गिगाही तसेच. गिगाबिटच्या हिशोबात १०२४ घातलात तर सात टक्क्यांहून जास्त फरक पडतो. १०२४ येतो तो फाइलच्या बाजूने. विंडोज जिला १ जीबी म्हणतं ती फाइल १०० एमबीपीएसवर ८० नव्हे, जवळजवळ ८६ सेकंद घेते, तेही ओव्हरहेड न धरता. माझी सवय अशी की लाइनीचा प्रत्येक आकडा आधी केबीपीएसमध्ये, सगळी शून्यं लिहून, कागदावर उतरवायचा. वेळ जातो. जाऊ दे.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत, पण रोजच्या. ३२ टाइमस्लॉट म्हणजे ३२ कॉल नव्हेत: पीआरआयमध्ये शून्यावा सिंकला आणि सोळावा सिग्नलिंगला जातो, उरतात ३०. अमेरिकेच्या टोकाला टी-१ असतो, त्यात २४ टाइमस्लॉट, वर ८ केबीपीएस फ्रेमिंगचे, एकूण १.५४४ एमबीपीएस; ‘ई-१ सारखंच’ म्हणून ऑर्डर टाकू नका. अमेरिकी पद्धतीतली ओसी-३ आणि आपली एसटीएम-१ एकाच वेगाच्या, त्यामुळे ओसीचा आकडा तीनने भागायचा, ओसी-१२ म्हणजे एसटीएम-४. इथे भागाकार चालतो, खुशाल करा. १०० एमबीपीएसच्या लाइनीवर टेस्टमध्ये ९४ दिसले तर तक्रार नोंदवू नका, बाकीचे पॅकेटच्या हेडरमध्ये आणि दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेत गेलेत. आणि डाउनलोडच्या खिडकीत साडेबाराच्या आसपास दिसलं तर ते बाइट आहेत, आठाने गुणा आणि मग मला फोन करा.