'रन' दाबण्याआधी उत्तर मागा

प्रोग्रामिंगच्या तासाला फळ्यावर कोड लिहिला की सगळे माना डोलावतात, पण कोणाला खरंच कळलंय ते कळत नाही. मुलांच्या हातातला मोबाईल इथे कामी येतो.

१. चार-पाच ओळींचा कोड ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एडिटरवर (कोड लिहून तिथेच चालवता येतो अशा पानावर) ठेवा आणि त्या लिंकचा क्यूआर कोड पडद्यावर दाखवा.

२. दोघांत एक मोबाईल. त्यामुळे चर्चा आपोआप होते आणि ज्याच्याकडे फोन नाही तोही मागे पडत नाही.

३. कोड चालवण्याआधी त्याचं आउटपुट, म्हणजे पडद्यावर दिसणारं उत्तर, काय येईल ते प्रत्येक जोडीने ऑनलाइन फॉर्ममध्ये लिहायचं. नावं नकोत, म्हणजे लाजरी मुलंही उत्तर देतात.

४. आलेली उत्तरं पडद्यावर दाखवा, वेगळं उत्तर देणाऱ्यांना बोलू द्या आणि मगच 'रन' (कोड चालवायचं बटण) दाबायला सांगा.

खरी मजा चौथ्या पायरीत आहे, तिथे घाई करू नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रेंज(१, ५) वर लूप फिरवून, म्हणजे त्यातला एकेक आकडा घेऊन, तो छापायला सांगितला तर बरेच जण १ ते ५ लिहितात. छापले जातात १ ते ४, कारण रेंज शेवटचा आकडा धरत नाही. आपलं उत्तर का चुकलं हे मुलं स्वतःच शोधू लागतात, आणि ते नुसतं सांगण्यापेक्षा कितीतरी पक्कं बसतं.

एक काळजी घ्या: मोबाईलवर पूर्ण कोड टाइप करायला लावू नका. कीबोर्ड 'प्रिंट' या आज्ञेचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो, काही फोनवर सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, आणि तास एरर शोधण्यात जातो. तयार कोडमधला एखादा आकडा बदलायला सांगा, तेवढं पुरे.