हाँगकाँगवाल्यांसारखं कॅन्टोनीजमध्ये इंग्लिश मिसळून कसं बोलायचं: सोलापूरकरांसाठी

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टचं काम बघतो, त्यामुळं हाँगकाँगच्या बाईंग ऑफिसशी रोज व्हॉइस नोट चालू असतात. सुरुवातीचे बरेच महिने मी अख्खं वाक्य इंग्लिशमध्ये बोलायचो आणि त्यात दोन-चार कॅन्टोनीज (हाँगकाँगची चिनी बोली) शब्द टाकायचो, ते समोरच्याला कळायचं पण त्यांच्या बोलण्यात बसायचं नाही. कारण तिकडं बरोब्बर उलटं असतंय, वाक्याचा सांगाडा कॅन्टोनीज आणि इंग्लिश फक्त एकेका शब्दापुरतं. आपण घरी म्हणतो ना, "मीटिंग कॅन्सल झाली, सॅम्पल उद्या डिस्पॅच करलालोय", ह्यात मराठी कुठं ढळली का? तसंच.

हे मिसळणं कुठून आलं तर हाँगकाँग 1997 पर्यंत ब्रिटिशांकडं होतं आणि 1974 पर्यंत सरकारी भाषा एकटी इंग्लिशच होती, म्हणून शाळा-ऑफिसचे शब्द इंग्लिशमधून आले आणि जेवण, झोप, भांडण, माया सगळं कॅन्टोनीजमध्ये राहिलं. म्हणून मिसळताना शब्द निवडायचा तो ऑफिसातला, कॉलेजातला, मोबाइलवरचा: प्रोजेक्ट, बुक, चेक, सेंड, डेडलाइन. आईला, भाताला इंग्लिश शब्द लावायला जाऊ नका.

आता उच्चार. इथं मराठी माणसाला खरंच फायदा आहे आणि तो कुठल्या इंग्लिश पुस्तकात मिळत नाही. पुस्तकात रोमन अक्षरात बी, डी, जी लिहितात पण कानाला ते आपले प, त, क असतात, आणि पी, टी, के लिहिलेलं असलं की हवा सोडून फ, थ, ख सारखं. हा फरक आपल्याला लहानपणापासून येतोच. शिवाय झेड लिहिलेला आवाज म्हणजे आपला चमच्यातला च, चहातला नव्हे. एवढं धरलं तरी निम्मं काम झालं. सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढ-उतार, मात्र सहा आहेत, ते ऐकूनच बसतात, आणि इंग्लिश शब्दसुद्धा सुरात म्हणतात, जोर असलेला भाग वर चढवून.

क्रियापद बघा. मराठीत आपण "बुक केलं" म्हणतो, पूर्व भागातल्या तेलुगू घरात "चेय" लागतं, कन्नडात "माडु" लागतं, म्हणजे सोलापूरच्या तिन्ही भाषांना इंग्लिश शब्दाला "करणे" जोडल्याशिवाय चालत नाही. कॅन्टोनीजला ते लागतच नाही! इंग्लिश क्रियापदालाच थेट शेपूट लावायचं. काम झालं असेल तर "चॉ" (चमच्यातला च), काम चालू असेल तर "कन". "ङॉ बुक-चॉ" म्हणजे मी बुक केलं, "ङॉ चेक-कन" म्हणजे मी चेक करलालोय. इंग्लिशचा भूतकाळ बूक्ड-चेक्ड विसरा, तो लावला की वाक्य मोडतं. अनेकवचनही नको, "ल्यॉङ को प्रोजेक्ट" म्हणजे दोन प्रोजेक्ट, आपणही दोन प्रोजेक्ट्स कुठं म्हणतो.

आणि प्रश्न, हा माझा सगळ्यात आवडता भाग. कॅन्टोनीजमध्ये हो-नाहीचा प्रश्न विचारायचा तर शब्द दोनदा घेतात आणि मधे नकाराचा "म्" घालतात, आवडतं-न-आवडतं असं काहीसं. शब्द दोन तुकड्यांचा असेल तर पहिल्यांदा त्याचा पहिला तुकडाच घेतात. आवडणे म्हणजे "चुङयी", तर प्रश्न होतो "चुङ-म्-चुङयी?". आता हाच नियम ते इंग्लिश शब्दाला लावतात. "शुअर-म्-शुअर आ?" म्हणजे नक्की ना? आणि "लेई हॅप-म्-हॅपी आ?" म्हणजे तू खूश आहेस का? हॅपी शब्द मधोमध फोडला बघा, इंग्लिशमध्ये हॅप म्हणजे खूश असं काही नाहीच पण कॅन्टोनीजच्या नियमाला त्याची पर्वा नाही. मी हे पहिल्यांदा व्हॉइस नोटमध्ये ऐकलं तेव्हा चार वेळा मागं घेऊन ऐकलं, भाषा दुसऱ्या भाषेचा शब्द किती हक्कानं आपला करते ते इथं दिसतं. उत्तर देताना यस-नो नको, शब्दच परत म्हणायचा, "शुअर" किंवा "म् शुअर".

वाक्याच्या शेवटचा "आ", "ला" सोडू नका, आपल्या "येतो की" मधला "की" काढला तर बोलणं कसं कोरडं होतं तसं होतं. "ओके ला" म्हटलं की झालं, ठरलं.

काही शब्द इतके जुने आहेत की ते मिसळलेलेही वाटत नाहीत, आपलं ठेसन आणि तिकीट तसे. बस म्हणजे "पासी", टॅक्सी म्हणजे "तिक्सी", टोस्ट म्हणजे "तॉसी", फेल होणे म्हणजे "फेईलोउ", आणि तो लिहितात ज्या अक्षरांनी त्यांचा अर्थ होतो जाडा माणूस. हे त्यांच्याच उच्चारात म्हणा, इंग्लिश उच्चार केला तर पट्कन लक्षात येत नाही. उलट्या बाजूनंही शब्द गेलाय, "का याउ" म्हणजे शब्दशः तेल घाल, अर्थ हिंमत धर, त्याचं इंग्लिश भाषांतर "ॲड ऑइल" 2018 मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीत आलं.

थँक्यूला दोन शब्द आहेत, कुणी काम करून दिलं तर "म् कॉय", भेटवस्तू दिली तर "तॉ चे". मी सोलापुरी चादर पाठवली होती तेव्हा तिकडून "तॉ चे" आलं, आणि पार्सलचा ट्रॅकिंग नंबर पाठवला तेव्हा "म् कॉय".

सुरुवात एका वाक्यानं करा. "सॅम्पल सेंड-चॉ मेई आ?" म्हणजे सॅम्पल पाठवलं का अजून? पाठवलं असेल तर उत्तर नुसतं "सेंड-चॉ", नसेल तर "मेई". हे आठवडाभर रोज एकदा खऱ्या कामासाठी वापरा, मग सेंडच्या जागी चेक, बुक, कन्फर्म टाकत जा.