‘कृपया’ पाठ, पण मागताना ‘पानी दे’: पहिलीच्या वर्गातली दुरुस्ती

जळगाव-धुळ्याकडच्या पहिलीतल्या मुलांना ‘कृपया’, ‘धन्यवाद’, ‘क्षमस्व’ फळ्यावर लिहून दिले की दोन दिवसांत पाठ होतात. पाणी मागताना मात्र ‘पानी दे’च. मूल उद्धट नसतं. घरी अहिराणी, आणि हे पुस्तकी शब्द घरात कुणी बोलतच नाही. शिवाय मराठीत आदर क्रियापदाच्या शेवटात असतो. ‘कृपया दे’ म्हटलं तरी कानाला हुकूमच वाटतो.

म्हणून यादी बाजूला ठेवली आणि जोड्या घेतल्या: दे–द्याल का, बस–बसा, ये–या. आठवड्याला तीनच, जास्त घेतल्या की सरमिसळ होते. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पोस्टकार्डाएवढी पत्ती, एका बाजूला ‘दे’, उलट बाजूला ‘द्याल का’. नुसतं वाचून घेऊ नका. हातात रिकामा पेला देऊन खरंच पाणी मागायला लावा. रोज 5 मिनिटं, जेवणाच्या सुट्टीआधी, कारण तेव्हा तहान खरी असते.

‘माफ करा’ सगळ्यात शेवटी. धक्का लागून दप्तर पडलं, तर आधी उचलून द्यायचं, मग शब्द. उलटं शिकवलं की मूल शब्द फेकून पळतं.

अहिराणी खोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. ‘तुन्हा’ आणि ‘तुम्हना’ यांतला फरक मुलाला घरूनच ठाऊक असतो. तिथूनच ‘तुझा–तुमचा’वर या. आणि आई-आजीला ते ‘तू’ म्हणत असेल, तर तिथे हात लावू नका.