गाडी घ्यायची का? आधी महिनाभर वही लिहा

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून आमच्या लोकलच्या डब्यात रोज कोणीतरी नवीन मॉडेलचे फोटो दाखवत असतो. मलापण खाज सुटली होती, खोटं का बोला. मुलुंड ईस्टला राहतो, ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, घरात आई-बाबा, ही आणि एक चौथीतला मुलगा. शोरूमला जाऊन टेस्ट ड्राइव्हपण मारून आलो. मग हिनेच सांगितलं की आधी हिशोब कर, मग बुक कर. तो हिशोब कसा करायचा ते लिहितोय, कारण इकडे सगळे फक्त ईएमआय विचारतात आणि तिथेच गंडतात.

पहिली गोष्ट म्हणजे ऑफिसचा प्रवास या हिशोबातून बाहेर काढा. मुंबईत गाडी घ्यायची की नाही हे ऑफिसवरून ठरतच नाही, निदान तुमचं घर आणि ऑफिस दोन्ही स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असेल तर. माझंच बघा, मुलुंडहून घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो 3 आणि पुढे एकच स्टेशन. पन्नास-पंचावन्न मिनिटं. एका मित्राच्या गाडीतून जेव्हीएलआरने, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, आठवडाभर जाऊन बघितलं तर सव्वा तासाच्या आत एकदाही पोचलो नाही, आणि तो बिचारा उतरतानाच दमलेला असायचा. 2014 च्या जूनमध्ये मेट्रो 1 चालू व्हायच्या आधी घाटकोपरहून 340 नंबरची बस पकडून अंधेरी-कुर्ला रोडला लटकायचो, तेव्हा गाडीचा विचार केला असता तर समजू शकलो असतो, आता नाही. पैशाचं तर बोलायलाच नको, सेकंड क्लासचा महिन्याचा पास अजूनही पाच लिटर पेट्रोलच्या पैशात येतो. गर्दी आहे, मान्य. पण गर्दीवर इलाज गाडी नाही, गर्दीवर इलाज म्हणजे फर्स्ट क्लासचा पास किंवा एसी लोकल किंवा बॉसशी भांडून अर्धा तास वेळ पुढेमागे करून घेणं, आणि तिन्ही गोष्टी गाडीपेक्षा स्वस्त आहेत.

नाइट शिफ्टवाल्यांना हे लागू नाही. रात्री एक ते चार लोकल नसते, मेट्रो त्याच्याही आधी बंद होते, त्यांचा हिशोब वेगळा.

आता वही. साधी दोनशे पानी घ्या किंवा मोबाईलवर लिहा, पण महिनाभर घरातल्या प्रत्येकाचा ऑफिस-शाळा सोडून जो काही प्रवास होईल तो लिहायचा. कुठे गेलो, कोण कोण होतं, किती वेळ लागला, किती पैसे गेले, आणि शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे: गाडी असती तर बरं झालं असतं का, आणि गाडी तिथे लावली कुठे असती. हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. मी गंमत म्हणून चालू केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात डोकं ठिकाणावर आलं. दादर मार्केट, फुलं घ्यायला: लावली कुठे असती? माहीत नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटक: पाऊण तास आधी निघून मिळाली तर मिळाली. भायखळ्याला मावशीकडे: तिच्या चाळीसमोर सायकल उभी करायची मारामार. आमच्या वहीत महिन्याला 41 ओळी झाल्या आणि गाडी असती तर बरं झालं असतं अशा 9. त्यातल्या 5 ठिकाणी पार्किंगच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह.

त्या 9 मधला एक प्रवास जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेक लोक याच कारणासाठी गाडी घेतात. म्हाताऱ्या माणसांना हॉस्पिटलला न्यायचं. आईचे गुडघे गेलेत, स्टेशनचा पूल तिला चढवत नाही, म्हणजे लोकल बाद. मेव्हण्याची गाडी मागून आणली आणि तिला परळला एका हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. गेटवर तिला उतरवलं, बाकावर बसवलं, आणि गाडी लावायला गेलो तो चाळीस मिनिटांनी परत आलो. तोपर्यंत तिचा नंबर पुकारून गेलेला, फाइल माझ्याकडे पिशवीत, ती तशीच बसलेली. पुढच्या वेळेला टॅक्सी केली, दारात उतरलो, दोघं एकदमच आत गेलो. तेव्हा लक्षात आलं की हॉस्पिटलसाठी लागते ती दारात सोडणारी गाडी, आणि स्वतःच्या गाडीला स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर ती दारात सोडत नाही, ती फक्त आणखी एक काम देते. पण हेही लिहितो की घरात डायलिसिसचा पेशंट असेल, आठवड्याला तीनदा जायचं असेल आणि घरात दोन जण चालवणारे असतील तर गाडी घ्याच, तिथे मी वाद घालणार नाही.

एक लक्षात ठेवा, रिक्षा बांद्रा आणि सायनच्या पुढे शहरात जात नाही. त्यामुळे उपनगरातल्या माणसाने परळ-दादरचा हिशोब टॅक्सीच्या दराने लावायचा, रिक्षाच्या नाही.

आता पैसे. ईएमआय बघू नका, तो फक्त बँकेला काय द्यायचं ते सांगतो. समजा 8 लाखाची पेट्रोल गाडी. महाराष्ट्रात 10 लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 88 हजार गेटमधून बाहेर पडायच्या आधीच. पाच वर्षांनी किंमत किती उरते? विमा कंपन्यांच्या तक्त्यातच चार ते पाच वर्षं वयाच्या गाडीला 50 टक्के घसारा, म्हणजे किंमतीतली घट, धरतात, तोच धरा. म्हणजे 4 लाख गेले, महिन्याला 6,600 च्या वर. रोड टॅक्स पाच वर्षांवर पसरला तर महिन्याला दीड हजार. विमा, सर्व्हिसिंग, पीयूसी, एखादा टायर, बॅटरी मिळून अजून अडीच-तीन हजार. झाले 11 हजार, आणि यात पेट्रोल नाही, पार्किंग नाही, कर्जाचं व्याज नाही. गाडी नुसती बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी राहिली तरी हे 11 हजार जातात.

उलट बाजूने बघा. फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आहे, दहा किलोमीटरला साधारण 170 होतात. 11 हजारात अशा साठच्या वर रिक्षा होतात, म्हणजे रोज दोन, रविवारसकट. बेस्टचं तिकीट मे 2025 मध्ये 5 चं 10 झालं आणि एसीचं 6 चं 12 झालं म्हणून सगळ्यांनी बोंबाबोंब केली, मीही केली, पण या आकड्यापुढे ते चिल्लर आहे. आपल्याला रिक्षाचे 170 दिसतात कारण ते खिशातून हातात काढून द्यावे लागतात, घसारा कोणी हात पुढे करून मागत नाही. माझे बाबा अजून 150 च्या वर मीटर गेलं की पुढे वाकून बघायला लागतात.

हे सगळं करूनपण घ्यावीशी वाटली तर शोरूमच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जा. आमच्याकडे 32 फ्लॅट आणि 14 जागा, दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात आणि त्यावरून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. नवीन बिल्डिंगमध्ये घर बघत असाल आणि बिल्डर उघड्यावरची पार्किंग वेगळे पैसे घेऊन विकत असेल तर त्याला सांगा की ती विकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच ते स्पष्ट केलंय, आणि ती केसपण मुंबईचीच होती. रस्त्यावर लावू हा विचार करू नका. टोइंगवाला आला की दंडापेक्षा ती गाडी शोधत फिरण्यातच दिवस जातो.

पावसाचं पण बघा. लोकल बंद पडते म्हणून गाडी हवी असं म्हणणारे भेटतात, पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तेव्हा लोकलही बंद होती आणि गाड्याही बुडल्या होत्या, आणि गाडीवाल्यांचं जास्त नुकसान झालं. सखल भागात राहत असाल तर विमा घेताना इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर घ्या, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत परत स्टार्टर मारून चालू करू नका, पाणी इंजिनात खेचलं जातं, मग साधी पॉलिसी ते पैसे देत नाही.

माझ्या मेव्हण्याने मात्र गाडी घेतली आणि बरोबर केलं. घोडबंदर रोडला राहतो, ठाणे स्टेशन गाठायचं म्हणजे एक प्रवास आणि लोकल म्हणजे दुसरा, बायकोचं काम भिवंडीकडच्या गोडाऊनला जिथे कुठलीच ट्रेन सोयीची नाही, दोन लहान पोरं, आणि बिल्डिंगमध्ये स्वतःच्या नावावर पार्किंग. त्याची वही लिहिली असती तर निम्म्या ओळींवर टिक आली असती. एक ढोबळ माप सांगतो, पार्किंगची सोय असलेल्या पंधराएक टिक महिन्याला येत असतील तर गाडीकडे बघा, नाहीतर नको.

मधला मार्गपण आहे. वर्षातून चार-पाच वेळाच गाडी लागते त्यांनी सेल्फ ड्राइव्ह, म्हणजे आपणच चालवायची गाडी, भाड्याने घ्यावी. फक्त काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी ओळखीने भाड्याने देत असेल तर नको, अपघात झाला तर विम्याला हात लावता येणार नाही. घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, डिक्कीतली स्टेपनीपण.

राहिला गणपती. इथे भलेभले घसरतात, माणूस वर्षभर लोकलने फिरतो आणि कोकणात जायच्या एका आठवड्यासाठी गाडी बुक करतो. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून, पूर्वीसारखं 120 नाही, तेव्हा कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहून ठेवा आणि सकाळी आठच्या आधी लॉगिन करून बसा. नाहीच मिळालं तर एसटी. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 च्या वरच्यांना फुकट, आमच्या घरचा कणकवलीचा खर्च त्याने बराच खाली आला. आई म्हणते तिकीट फुकट आहे पण कंबर फुकट नाही, तेही खरंच आहे.

आम्ही गाडी घेतली नाही. वही मात्र हिने चालू ठेवलीय आणि एका पानावर तिच्या अक्षरात एक ओळ आहे, कणकवली, सगळे जण, गाडी असती तर बरं झालं असतं: हो, आणि शेवटच्या रकान्यात, अंगणात.