पात्र सुधारलं, पण फेडलं का?

दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा मी वाचते, तेव्हा एक गोष्ट वारंवार खटकते. वाईट माणूस शेवटी चांगला होतो, पण ज्याचं त्याने वाटोळं केलं तो मधेच कुठेतरी कथेतून नाहीसा झालेला असतो. पात्राचा उद्धार आणि पात्राचं प्रायश्चित्त ही दोन कामं आहेत. दोन्ही लिहावी लागतात.

वाल्या कोळ्याचं घ्या. एक खून, रांजणात एक खडा. असे सात रांजण भरले. बायकापोरांनी पापात वाटा नाकारला, वाल्या नामजपाला बसला, अंगावर वारूळ चढलं, वाल्मीकी झाला. हा उद्धार. त्या खड्यांमागच्या घरांचं काय झालं, ते गोष्ट सांगत नाही. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमालाची गोष्ट मात्र तिथे थांबत नाही. पाली सुत्तात तो बुद्धाला शरण जातो, भिक्षू होतो, राजा प्रसेनजितही त्याला अभय देतो. तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला की अंगावर ढेकळं, काठ्या येतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परततो आणि बुद्ध म्हणतात, सोस. तो बदललाय हे आपल्याला पटलेलं असतं, तरी हिशेब मिटत नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

म्हणून लिहायला बसताना आधी ज्याचं नुकसान झालं त्याला नाव द्या. समजा, पतसंस्थेच्या सचिवाने ठेवी खाल्ल्या आणि शेवंताबाईंनी लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे बुडाले. सचिव तुरुंगात ज्ञानेश्वरी वाचतो, सुटल्यावर माळ घालतो, वारीला जातो. खुशाल लिहा, तो बदल खराच असू द्या. पण शेवंताबाईंना त्याच्या माळेशी काय देणंघेणं? मार्केट यार्डात हमाली करून जमवलेला पहिला हप्ता घेऊन तो त्यांच्या ओसरीवर येतो, तो प्रसंग लिहा. बाई नोटा मोजतात, कनवटीला लावतात. पाणी विचारत नाहीत. पुढच्या महिन्यात तो पुन्हा येतो.

फेड नुकसानीच्याच जातीची हवी. पैसे खाल्ले तर पैसे, खोटी साक्ष दिली तर चारचौघांत खरं बोलणं. पात्र त्याऐवजी अन्नदान करू लागलं, तर ती पळवाट आहे हे वाचकाला दिसू द्या. मोडलेलं लग्न हप्त्यांनी जुळत नाही, तेही कथेत राहू द्या. आणि शेवटी कुणाला तरी वाचवताना पात्राला मारून टाकू नका. मेला की पुढचे हप्ते चुकले.

क्षमा करायची की नाही, हे शेवंताबाई ठरवतील. खर्डा झाला की त्यांचे प्रसंग तेवढे बाजूला काढून सलग वाचा. बाई फक्त सचिवाला माफ करायलाच येत असतील, तर त्यांना आधीपासून कथेत आणा: ठेवीची पावती घेऊन त्या पतसंस्थेच्या पायऱ्या उतरल्या, त्या दिवसापासून.