लिव्हिंग विल कसं करायचं, आणि नुसता कागद का पुरत नाही

लिव्हिंग विल म्हणजे पुढे आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कुठले उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. पण आधी एक क्लिअर करून टाकू, कारण घोळ इथेच होतो. इंजेक्शन देऊन पेशंटला मारणं भारतात गुन्हाच आहे, त्याने स्वतः हात जोडून मागितलं असलं तरी, आणि देणारा डॉक्टर असो की घरचा. परवानगी आहे ती उपचार थांबवायची किंवा सुरूच न करायची. म्हणजे बरं होण्याची आशा संपलीये, तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, आजार जसा जाईल तसा जाऊ द्या.

ही परवानगी आली ती अरुणा शानबागांच्या केसमधून. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, १९७३ मध्ये हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि २०१५ ला जाईपर्यंत तिथेच अंथरुणावर होत्या. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं अन्न थांबवू द्यावं ही याचिका फेटाळली, कारण केईएमचा स्टाफ त्यांना सांभाळायला तयार होता, पण त्याच निकालात हायकोर्टाची परवानगी घेऊन उपचार थांबवता येतील हे मान्य केलं. मग ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, बसवला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली, फक्त त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोण जाणार एवढ्या फंदात. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली आणि काम खरंच सोपं झालं.

तर आता करायचं काय. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत पाहिजे, कुणाच्या दबावाखाली नको, आणि सगळं लेखी पाहिजे. दोन साक्षीदार, शक्यतो घरच्या हितसंबंधातले नसलेले, त्यांच्यासमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करायचं. वकील लागतोच असं नाही.

मजकुरात मात्र लोक गंडतात. 'मला कृत्रिमरीत्या जगवू नये' एवढंच लिहून ठेवतात, आता न्यूमोनियासाठी चार दिवस लावलेलं व्हेंटिलेटरही कृत्रिमच की! आयसीयूतला डॉक्टर यावरून काय समजणार? त्यापेक्षा असं लिहा: 'मी बरा होण्याची शक्यता नाही असं मेडिकल बोर्डाने ठरवलं आणि मी स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते परत चालू करणं आणि नाकातल्या नळीने अन्न देणं नको. दुखणं आणि धाप कमी करणारी औषधं, मॉर्फिनसह, शेवटपर्यंत द्यावीत.' हे शेवटचं वाक्य विसरू नका, कारण उपचार थांबवले म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडलं असं नसतं, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी देखभाल, चालूच राहते. आणि परिणाम समजून लिहितोय, हे कधीही रद्द करू शकतो, हेही त्यात घाला.

मग माणसं. तुमच्या वतीने बोलणारे एकाहून जास्त जण नाव घालून नेमायचे असतात, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं हेच खरं काम आहे. सगळ्यात जास्त प्रेम करणारा निवडू नका, आयसीयूच्या दारात ठाम राहील असा निवडा. नाहीतर होतं काय, इथे सेवा करणारी सून आणि मुलगी दोघी तयार असतात आणि अमेरिकेहून रात्रीच्या फ्लाइटने आलेला मुलगा म्हणतो बाबांसाठी सगळं करा, पैशाची काळजी करू नका, आणि डॉक्टर बिचारा केस व्हायच्या भीतीने सगळं चालू ठेवतो. त्यामुळे त्या मुलालाही आत्ताच व्हिडिओ कॉलवर बसवून कागद वाचून दाखवा. कॉपी घरच्यांना, फॅमिली डॉक्टरला, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वॉर्ड ऑफिसात कुणालाच माहिती नसेल अशी तयारी ठेवून जा आणि पोच घेऊनच या. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाच्या न्यायमूर्ती सोनक यांनीच स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात केली.

वेळ आल्यावर हॉस्पिटल कागद बघून लगेच प्लग काढत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ असं पहिलं बोर्ड, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती, आणि मॅजिस्ट्रेटला कळवणं. बोर्डाने नाही म्हटलं तर हायकोर्ट आहे. लिव्हिंग विल नसेल तरी जवळच्या नातेवाईकांच्या संमतीने हाच रस्ता आहे, फक्त तेव्हा 'आईला काय हवं होतं' हे अंदाजाने ठरवावं लागतं आणि तो अंदाज मुलांना पुढे वर्षानुवर्षं टोचतो.

धर्मात बसतं का, हा प्रश्न आजी-आजोबा हमखास विचारतात. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारून देह ठेवला, हे त्या पिढीला चांगलं आठवतं, तिथून बोलणं सुरू करा. मला खटकतो तो दुसराच प्रश्न: बिल परवडत नाही म्हणून सही करून पेशंट घरी नेणं. रोज होतं हे, आणि ते इच्छामरण नव्हे, नाइलाज आहे. म्हणून 'मुलांवर ओझं नको' एवढ्याच कारणाने कुणी लिव्हिंग विल करत असेल तर तिथे थांबा, आधी त्याच्याशी नीट बोला.

मत बदललं तर लेखी रद्द करून नवीन करता येतं. दोन निघाली तर शेवटी सही केलेलं धरतात, म्हणून तारीख ठळक घाला, जुन्या कॉप्या परत मागून फाडा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ज्यांना पीडीएफ पाठवली होती त्यांना नवीन पाठवून जुनी डिलीट करायला सांगा.