नवा नियम आला की आधी शिव्या नाही, आधी पीडीएफ

मी सांगली-कराड पट्ट्यात वायरिंग आणि सोलरची कामं करतो. आमच्या लायनीत महिन्यातून एकदा तरी ग्रुपवर येतंच की "नवीन कायदा आला, आता सगळ्यांची वाट". मध्ये मीपण असाच एक मेसेज पुढे ढकलला होता, सोलर बसवायला आता इंजिनियरची डिग्री कंपल्सरी, आयटीआयवाल्यांनी घरी बसा, आणि वर स्वतःच्या चार ओळी, सरकारला काय काय म्हणायचं ते म्हणून. दुपारपर्यंत आठ फोन. एका पोराने तर लायसन्सच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा थांबवला. संध्याकाळी कुणीतरी पूर्ण कागद पाठवला तर तो दुसऱ्याच राज्यातल्या एका टेंडरच्या अटींचा कागद निघाला, आपला काडीचा संबंध नाही. लाज वाटली राव.

माझं मत बदललेलं नाही. ज्याने आयुष्यात कधी छतावर चढून पॅनल बघितलं नाही तो मंत्रालयात बसून आम्हाला फॉर्म भरायला लावतो हे मला आजही खटकतं. पण शंका घ्यायची तर कागद हातात घेऊन घ्यायची. मी आता कसं करतो ते लिहितोय, वीजवाल्यांसाठीच असं काही नाही, ड्रोनवाले, बियाणंवाले, आर्किटेक्ट, कुणालाही चालेल.

पहिलं काम, कागदाची जात ओळखा. अधिनियम म्हणजे संसदेने किंवा विधानसभेने केलेला कायदा. नियम सरकार करतं. विनियम आयोग किंवा प्राधिकरण करतं. त्याखाली जीआर, परिपत्रक, आणि सगळ्यात खाली साहेबाचं "वरून आलंय". परिपत्रक कायद्याच्या किंवा नियमाच्या वर जाऊ शकत नाही, हे एवढं एक वाक्य पाठ केलंत तरी निम्म्या ठिकाणी आवाज चढवायची गरज पडत नाही. अधिसूचनेच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की अमुक कायद्याच्या तमुक कलमाखालच्या अधिकाराचा वापर करून हे काढतोय. तो कलम नंबर घ्या आणि मूळ कायदा उघडा. विजेचंच बघा, विद्युत अधिनियम २००३ मध्ये केंद्र सरकारला नियम करायचा अधिकार कलम १७६ ने, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला विनियमांचा अधिकार १७७ ने, राज्याच्या वीज नियामक आयोगाला १८१ ने. ज्याला ज्याचा अधिकार दिलाय तेवढंच तो करू शकतो. कधी कधी असं सापडतं की कलम सांगतं सुरक्षिततेबद्दल आणि कागद सांगतो धंदा कुणी करायचा याबद्दल, अशी जागा दिसली की तिथे पेन्सिलने गोल करा.

मग 'मसुदा' हा शब्द शोधा. असेल तर ते अजून लागूच झालेलं नाही, आणि सगळ्या पीडीएफमध्ये तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे हरकती पाठवायची शेवटची तारीख. १७७ आणि १८१ खालचे विनियम आधी मसुदा जाहीर केल्याशिवाय करताच येत नाहीत, तशी अटच आहे कायद्यात. केंद्र सरकारचं २०१४ चं एक धोरणही आहे की कुठलाही प्रस्तावित कायदा किंवा नियम कमीत कमी ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत तो का हवाय, खर्च किती, लोकांवर परिणाम काय याची टिपणी द्यायची. धोरणच आहे ते, कायदा नाही, त्यामुळे पाळलं नाही म्हणून कुणाची नोकरी जात नाही. तरी हरकतीत त्याचा उल्लेख करायचा, समोरच्याला कळतं की याने वाचलंय.

आता खरी शंका. मी तीन-चार प्रश्न विचारतो आणि सगळ्यात जास्त वेळ पहिल्यावर घालवतो: नियमावर लिहिलेलं कारण आणि नियमातून खरंच होणारी गोष्ट, या दोन्ही एकच आहेत का?

आमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. सोलर पॅनलची सरकारी मंजूर यादी असते, एएलएमएम म्हणतात तिला. २ जानेवारी २०१९ ला तिचा आदेश निघाला. कारण काय तर गुणवत्ता, लोकांना रद्दी पॅनल मिळू नयेत. कारण चांगलंच आहे, रद्दी पॅनल मीपण बघितलेत, दोन पावसाळ्यांत मागची शीट सुटते. पण यादी उघडून बघाल तर कारखाने देशातले, आणि वरून १ एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या मॉड्यूलवर, म्हणजे पॅनलवर, ४० टक्के कस्टम ड्यूटी लावली. मग मार्च २०२३ मध्ये सरकारनेच ही यादी २०२३-२४ या वर्षापुरती बाजूला ठेवली, आणि १ एप्रिल २०२४ पासून परत लावली. आता तुम्हीच सांगा, नियम जर रद्दी मालापासून वाचवायला होता तर वर्षभर रद्दी माल चालत होता का? देशातले कारखाने उभे करायचे म्हणून नियम असेल तर तेही समजू शकतो, त्यावर वाद घालू, पण मग कागदावर तसं लिहा ना. गुणवत्तेच्या नावाने आलेल्या नियमाला कुणी विरोध केला की तो लगेच रद्दी मालाचा एजंट ठरतो, तिथेच बोलणं संपतं. म्हणून हा प्रश्न आधी विचारायचा.

दुसरा प्रश्न, यात किती कागद लागतात. नुसते मोजा. ड्रोनवाल्यांचं बघा, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, एक पब्लिक नोटीस काढून खाजगी ड्रोन उडवणंच बंद केलं, मग २०१८ च्या डिसेंबरपासून परवानगी, तीपण अशी की परवानगी आल्याशिवाय ड्रोनचा पंखाच फिरायला नको. मार्च २०२१ ला नवे नियम आले ते इतके किचकट होते की पाच महिन्यांत, २५ ऑगस्टला, सरकारने स्वतःच ते बदलले. फॉर्म २५ वरून ५ वर आले आणि फीचे प्रकार ७२ वरून ४ वर. बहात्तर प्रकारच्या फी! कुणीतरी बसून त्या लिहिल्या होत्या, कुणीतरी सही केली होती. म्हणजे त्या विषयातल्या माणसांनी मोजून दाखवलं की सरकार मागे येतं, आणि मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरा, बंदी घातल्यावर ती गोष्ट खरंच बंद होते का. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने सांगून सवरून, लोकांना बोलावून तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाची लागवड केली, तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्यात यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड होता. परवानगी नसलेलं ते बियाणं त्याआधीच चोरट्या बाजारात फिरत होतं. बंदीने काय झालं, बियाणं मिळतच राहिलं फक्त पाकिटावर नाव नाही, बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार. बीटी वांग्याला, म्हणजे बाहेरचा जनुक घातलेल्या वांग्याला, आपल्याकडे फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली, बांगलादेशने २०१३ मध्ये तेच वांगं मंजूर केलं. तुम्ही अशा जनुक बदललेल्या (जीएम) पिकांच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, बंदीने बाजार कुठे सरकला ते बघायचंच. आणि दार कायमचं बंद असतं असंही नाही, मार्च २०२२ मध्ये बाहेरचा जनुक न घालता नुसत्या जनुकात बदल केलेल्या काही प्रकारच्या पिकांना जीएम पिकांना लागू असलेल्या जुन्या १९८९ च्या नियमांतल्या बऱ्याच तरतुदींतून मोकळीक मिळाली.

चौथा पटकन सांगतो. नियम नुसतं नाव लावण्यावर आहे की काम करण्यावर? १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याचं कलम ३७ नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' ही पदवी लावायला मनाई करतं, ते काम करायला नाही. इतकी वर्षं किती लोक घाबरून बसले असतील. मूळ कलम वाचा म्हणतोय ते यासाठी.

आता उलटी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता सरकारच्या नावाने बोंबलतोय. हेच प्रश्न आपल्या सोयीच्या नियमांना आणि गैरसोयीच्या नियमांना सारखेच लावायचे. मला ईएलसीबीचा, म्हणजे वीज गळाली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचा, खर्च गिऱ्हाइकाला पटवून देताना नाकी नऊ येतात, प्रत्येक जण म्हणतो "पूर्वी कुठे होतं हे". पण ३० मिलीअँपिअरला सप्लाय तोडणारं ते खोकं लिहिलेल्या कारणासाठीच काम करतं, ओल्या बाथरूममध्ये गिझरचा शॉक लागला की कळतं. त्यात कुणाचा कारखाना वाचवायचा नसतो. त्या नियमाला माझी हरकत नाही, उलट तो नीट तपासला जात नाही ही तक्रार आहे. आणि दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प विसरू नका. एन्रॉनचा वीज खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, महाराष्ट्रात वीज नियामक आयोग आला १९९९ ला. तो करार आधी उघड्या सुनावणीत आला असता, पुण्याच्या प्रयाससारख्या वीज क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी आकडे मांडले असते आणि सरकारला तिथे उत्तर द्यावं लागलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. कधी कधी नियामक हा सरकारवरच लगाम असतो, त्यामुळे नियम दिसला की विरोध हेपण आळशीपणाचंच लक्षण.

बरं, शंका घेऊन झाली, आता ती पाठवायची. इथे आपले लोक सगळ्यात कच्चे. "हा नियम अन्यायकारक असून मागे घ्यावा" असं लिहिलेली पन्नास पत्रं म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच पत्र. असं लिहा: नियम क्रमांक अमुक, सध्याचे शब्द हे, माझ्या मते शब्द असे हवेत, कारण हे, आणि खाली एक हिशोब. हिशोबच चालतो.

नमुना म्हणून ३१ डिसेंबर २०२० चे वीज ग्राहक हक्क नियम घ्या. त्यात होतं की १० किलोवॅटपर्यंत नेट मीटरिंग (छतावर बनलेली वीज तुमच्या बिलातून वजा), वर गेलात की ग्रॉस (बनलेली सगळी वीज विकायची आणि वापरायची वेगळी विकत घ्यायची). ऐकायला बारीक गोष्ट. आता एखादी सोसायटी किंवा तेलाची गिरणी धरा, छतावर २५ किलोवॅट. आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे शंभर युनिट. समजा विकत घ्यायची वीज ९ रुपये आणि वीज कंपनी तुमच्याकडून घेणार ३ रुपयाने (हे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या बिलावरचे घाला). नेटमध्ये दिवसाला ९०० रुपये वाचतात, ग्रॉसमध्ये ३०० मिळतात आणि स्वतःच्याच छताखाली वापरायची वीज ९ ने विकत. म्हणजे जी सिस्टीम चार वर्षांत पैसे फेडणार होती ती बारा वर्षांत फेडणार, मग कोण लावेल? एवढी चार ओळींची गोष्ट. देशभरातून सोलरवाल्यांनी आणि उद्योगांनी ओरड केली आणि २८ जून २०२१ ला दुरुस्ती आली, ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यातलं जे कमी असेल तिथपर्यंत नेट मीटरिंग. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अजून एक चांगली सुधारणा झाली, १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची भानगडच काढून टाकली. हे तुमच्या इथल्या वीज कंपनीच्या माणसाला माहीत नसेल तर प्रिंट काढून न्या, चिडू नका, नुसता कागद ठेवा टेबलावर.

काही बारीक गोष्टी. मराठीत लिहायला लाजू नका, राज्य आयोगाकडे मराठी चालते. दर ठरवायच्या याचिकेत तर कलम ६४ नुसार लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात, पेपरमध्ये जाहीर नोटीस येते, सुनावणीला उभं राहून बोलता येतं. दोन पानांच्या वर लिहू नका. स्वतःच्या कामातला आकडा द्या, गुगलवरचा नको, तुम्ही किती सिस्टीम बसवल्या आणि फाइल किती दिवस अडकली हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. राजकारण, धर्म, "तुम्हाला मत देऊन चूक केली" हे सगळं गाळा. आणि प्रत हार्ड कॉपीत दिली तर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

अंतिम नियम आला की मसुदा आणि तो शेजारी ठेवून वाचा. आयोग बरेचदा सोबत कारणमीमांसेचा कागद देतो, कुणाची हरकत का घेतली का नाकारली ते त्यात असतं, तुमचं नाव सापडलं तर घरी दाखवा, बायकोला पटत नाही आपण दुपारभर काय टाइप करत होतो ते. कारण दिलंच नसेल तर आरटीआय टाका, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. आणि त्यात "हा नियम का केला" असं विचारू नका, "मागितलेलं माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं आणि महिना वाया. विचारायचं असं: या मसुद्यावर आलेल्या हरकतींची यादी, त्यावरच्या टिपण्यांच्या प्रती आणि परिणामांचा अभ्यास केला असल्यास त्याची प्रत द्या. अभ्यास केलेलाच नसेल तर "उपलब्ध नाही" असं लेखी येतं, आणि पुढच्या मसुद्यावर हरकत लिहिताना तोच कागद जोडायला मिळतो.

आणि हो, शेवटची तारीख रविवारी येत असेल तर गुरुवारीच पाठवून मोकळे व्हा. पोर्टल शेवटच्या दिवशी हमखास झोपलेलं असतं, आणि "सर्व्हर डाऊन होता" ही हरकत कुठल्याच कलमात बसत नाही.